कॅन्सर आसा की होतो?

मी देवगड तालुक्यातल्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहाय्यक होतो. बेडूक, फुरसं, तारामासा फॉर्मॅलिनच्या बरण्यांत भरायचे आणि वर नावाची चिठ्ठी डकवायची, यात तीस वर्षं गेली. हे आधीच सांगतो, कारण पुढे माझी स्वतःचीच दोन्ही फुप्फुसं फॉर्मॅलिनात गेली आणि त्यांच्या चिठ्ठीवर जे नाव आलं ते कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

सुरुवात २०२१ च्या दिवाळीनंतर. कोरडा खोकला. आमच्या घराकडून रस्त्याला यायला छप्पन्न पायऱ्यांची पाखाडी आहे. ती चढताना आधी एकदा थांबायचो, मग दोनदा, मग मधल्या फणसाखाली बसूनच राहायचो. एका डॉक्टरांनी थुंकीत काही सापडलेलं नसताना टीबीची औषधं सुरू केली. दोन महिने लघवी लाल झाली, त्यापलीकडे काही बदललं नाही. शेवटी फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापूरला छातीचा एचआरसीटी, म्हणजे बारीक कापांचा सीटी स्कॅन केला. साडेचार हजार रुपये. तिथल्या डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं: फुप्फुसाच्या खालच्या बाजूला, कडेकडेने, मधाच्या पोळ्यासारखी जाळी. मग माझी बोटं हातात घेऊन नखं निरखली. टोकं ढोलाच्या काठीसारखी फुगली होती, आणि मला वाटत होतं वयोमानाने असेल.

घरात कबुतरं आहेत का, पेंढ्यात काम करता का, असं बरंच विचारलं. कबुतरं नाहीत, पण आंब्याची अढी घालण्यात जन्म गेला. कुजका पेंढा भरपूर हुंगलाय. सिगारेट २००९ ला सोडली, त्याआधी पंधराएक वर्षं ओढली. सगळं लिहून घेतलं आणि निदान आलं इडिओपॅथिक पल्मनरी फायब्रोसिस. इडिओपॅथिक म्हणजे कारण माहीत नाही. फुप्फुस हळूहळू व्रण पडल्यासारखं घट्ट होत जातं आणि ते पुन्हा मऊ होत नाही. निन्टेडॅनिब नावाची कॅप्सूल वेग कमी करते, बरं करत नाही. सकाळ-संध्याकाळ एकेक, महिन्याला साडेतीन हजारांच्या आसपास, आणि जुलाब मोफत. प्रवासाच्या दिवशी दहीभाताशिवाय काही खायचं नाही, हे मी स्वतःच शोधून काढलं.

दीड वर्ष त्यावर निघालं. ऑक्टोबर २०२३ पासून घरात ऑक्सिजन. पाच लिटरचा कॉन्सन्ट्रेटर बेचाळीस हजारांना घेतला, आणि पावसाळ्यात लाइट जाते म्हणून इन्व्हर्टर वेगळा. ज्यांच्या घरी ही वेळ येईल त्यांनी एक भरलेला मोठा सिलिंडर दाराआड ठेवावाच. इन्व्हर्टरवर कॉन्सन्ट्रेटर दोन-तीन तासांपलीकडे चालत नाही आणि कोकणात लाइट जाते ती दोन-तीन तासांसाठी नाही.

कोल्हापूरच्या डॉक्टरांनीच सांगितलं, आता मुंबईला प्रत्यारोपणासाठी नाव घाला, साठी उलटायची वाट बघू नका. तेव्हा मी छप्पन्नचा. जानेवारी २०२४ मध्ये कणकवलीहून कोकणकन्येने निघालो, सोबत प्रवासाचा छोटा कॉन्सन्ट्रेटर. तिकीट काढताना मला एकच चिंता, आपल्या बर्थजवळ प्लग आहे का आणि तो चालू आहे का. बायको रात्रभर त्या प्लगवर हात ठेवून बसली, कुणी मोबाइल लावेल म्हणून.

तपासण्या नऊ दिवस चालल्या. हृदयाची अँजिओग्राफी, उजव्या बाजूचा दाब, हाडांची घनता, दात, जठर, मानसोपचारतज्ज्ञ, रक्ततपासणीच्या पंचवीसेक बाटल्या. सहा मिनिटं चालण्याच्या परीक्षेत दोनशे दहा मीटर चाललो आणि ऑक्सिजन ब्याऐंशीवर आला. सीटीही पुन्हा झाला. रिपोर्टात खालच्या डाव्या भागात एक जरा दाट ठिपका लिहिला होता आणि पुढे ‘बहुधा फायब्रोसिसचाच भाग’. ते वाक्य मी तेव्हा वाचलंही होतं. जिथे सगळंच पांढरं आहे तिथे एका पांढऱ्या ठिपक्याचं काय मोठंसं?

मग मुंबईच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रात, झेडटीसीसीत, रुग्णालयामार्फत नाव लागलं. आपण स्वतः तिथे जाऊन रांग धरायची नसते. पण आपला फोन लागला पाहिजे आणि आपण जवळ असलं पाहिजे. दात्याचं फुप्फुस काढल्यावर सहा तासांच्या आसपास बसवावं लागतं आणि देवगडहून मुंबईला गाडीने दहा तास. म्हणजे घर सोडणं आलं. तपासणीच्या दिवसांत आम्ही लालबागला गावमंडळाच्या खोलीत उतरलो होतो. आजोबा गिरणीत असताना याच खोलीत वळकटी टाकत. पण दुसरा मजला, लाकडी जिना आणि एका खोलीत अकरा माणसं. प्रत्यारोपणानंतर तिथे राहणं शक्यच नव्हतं. चुलतभावाने काळाचौकीला तळमजल्याची खोली बघून दिली. भाडं अठरा हजार, अनामत पन्नास हजार. मार्चपासून आम्ही मुंबईकर.

पैशांचं एकदाच सांगून टाकतो. शस्त्रक्रिया आणि रुग्णालयातला मुक्काम धरून एकतीस लाख. भविष्यनिर्वाह निधीतले नऊ, शिक्षक पतपेढीचं कर्ज सात, ऐंशी हापूस कलमं पाच वर्षांच्या कराराने दिली त्याचे आगाऊ सहा, मुख्यमंत्री सहाय्यता निधीतून दोन, बाकी भाऊ, मेहुणे, शाळेचे माजी विद्यार्थी. सहाय्यता निधीचे पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यात जातात, आपल्या हातात येत नाहीत. त्यामुळे अर्ज रुग्णालयात असतानाच करावा, घरी आल्यावर नाही. खर्चाचं अंदाजपत्रक, उत्पन्नाचा दाखला, आधार, रेशनकार्ड यांच्या पाच-पाच प्रती आधीच काढून ठेवा.

दोनदा बोलावणं येऊन फुकट गेलं. जूनमध्ये रात्री अडीचला फोन आला. उपाशी पोटी गेलो, छाती भादरली, सकाळी सात वाजता सांगितलं की दात्याच्या फुप्फुसात पाणी आहे, घेता येणार नाही. ऑगस्टमध्ये पुन्हा तेच. परत येताना टॅक्सीत बायको काही बोलली नाही. मीच म्हणालो, छाती भादरायचे पैसे वाचले, अजून केस आले नव्हते.

तिसरा फोन ११ सप्टेंबर २०२४ ला, गौरीपूजनाच्या रात्री. गावच्या घरी गणपती होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यासमोर नव्हतो. बाहेर ढोल वाजत होते. असल्या गर्दीतून ते फुप्फुस वेळेत कसं आणलं, हे पोलिसांना आणि त्या पेटीसोबत बसलेल्यांनाच ठाऊक. दात्याचं नाव सांगत नाहीत. मेंदूमृत्यू ठरवायला चार डॉक्टरांच्या समितीने सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासावं लागतं. म्हणजे माझ्या घरी आरती चालली होती त्या दिवशी कुठल्यातरी घरातली माणसं ते सहा तास बसून होती. त्याच्यावर मी जास्त लिहू शकत नाही.

अतिदक्षता विभागात बारा दिवस. त्यातलं पहिलं मला आठवतं ते असं की श्वास घेतल्यावर तो आत गेला आणि जातच राहिला, खालपर्यंत. भीतीच वाटली. १४ ऑक्टोबरला घरी, म्हणजे काळाचौकीला सोडलं. शरीराने नवीन फुप्फुसं नाकारू नयेत, म्हणजे रिजेक्शन होऊ नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन, शिवाय जंतू-विषाणू-बुरशी यांच्यासाठी वेगवेगळ्या, दिवसाला एकतीस गोळ्या. महिन्याचा औषधखर्च सुरुवातीला तेहेतीस हजार. टॅक्रोलिमसची पातळी बघायची असेल त्या सकाळी रक्त आधी द्यायचं आणि गोळी नंतर घ्यायची. एकदा मी सवयीने गोळी गिळून गेलो आणि तो हेलपाटा वाया गेला. आणखी एक, आपल्याकडच्यांसाठी: तोरिंजन, म्हणजे पपनस, खायचं नाही. ग्रेपफ्रूटसारखंच त्यानेही या औषधाची रक्तातली पातळी वाढू शकते. गणपतीवरच्या माटवीला टांगावं, उतरल्यावर दुसऱ्याला द्यावं.

आता मुख्य गोष्ट. अनुदानित शाळेत असल्यामुळे मला वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती मागायची होती. त्यासाठी प्रत्येक बिल, प्रत्येक रिपोर्ट तीन प्रतींत लागतो. २३ ऑक्टोबरला मास्क लावून लालबागच्या एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर खुर्चीवर बसलो होतो आणि पोरगा पानं काढत होता तशी मी लावून घेत होतो. एका पानावर ‘एक्सप्लान्टेड लंग्ज, बायलॅटरल’ असं होतं, म्हणजे काढलेली दोन्ही फुप्फुसं. हौसेने वाचायला घेतलं. तीस वर्षं जे केलं त्याचाच कागद होता तो: वजन, लांबी-रुंदी, रंग, एकेक सेंटीमीटरचे काप. फायब्रोसिसचं वर्णन अर्ध्या पानाचं. आणि खाली: डावा खालचा खंड, १.३ सेंटीमीटरची गाठ, ॲडिनोकार्सिनोमा. म्हणजे कॅन्सर. सहीची तारीख २६ सप्टेंबर. म्हणजे जवळजवळ चार आठवडे तो कागद माझ्या फाइलमध्ये होता, दोनदा डॉक्टरांच्या टेबलावर जाऊन आला होता आणि मला कुणी चकार शब्द बोललं नव्हतं.

पोराने विचारलं, काका, हे पण तीन काढू? मी म्हटलं, काढ.

खोलीवर येऊन बायकोला सांगितलं. ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली, जसं काही इंग्रजी तिला आता येईल. मग तिने जे विचारलं त्याचं उत्तर मी वर्षभर शोधत होतो. “म्हणजे तुमका कॅन्सर आसा की होतो?” आमच्या मालवणीत आसा म्हणजे आहे, आणि होतो म्हणजे होता.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात भांडायला गेलो. खरं सांगायचं तर आवाज चढवायचा प्रयत्न केला, पण नवीन फुप्फुसांनी खोकलाच आला. छातीच्या मॅडमनी रिपोर्ट वाचला, घड्याळाकडे बघितलं नाही आणि स्वच्छ सांगितलं की हे तुम्हाला आम्ही आधी सांगायला हवं होतं. जंतुसंसर्ग आणि रिजेक्शन यांच्या धावपळीत ते पान मागे पडलं. चूक कबूल करणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. पण माझ्यापुरता नियम झाला, आणि तुम्हालाही सांगतो: शरीरातून जे काही काढतील त्याचा पॅथॉलॉजी रिपोर्ट स्वतः मागा, तारीख लावून मागा. आत काय बसवलं याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, बाहेर काय गेलं ते कुणी विचारत नाही.

त्यांनी मग तासभर समजावलं. असं शंभरात एखाद-दुसऱ्याच्या काढलेल्या फुप्फुसात निघतं, आणि ते बहुतेक माझ्यासारखे फायब्रोसिसवाले नाहीतर सिगारेटने फुप्फुस खराब झालेले. व्रण पडलेल्या जागी कॅन्सरचा धोका मुळातच जास्त असतो, आणि सीटीवर त्या जाळीत छोटी गाठ लपून जाते. सुईने नमुना घ्यायचा तर फुप्फुस फुटायचा धोका. मग मी तो प्रश्न विचारला, जो झेरॉक्सच्या दुकानापासून घशात होता: जानेवारीतच दिसली असती तर? त्या म्हणाल्या, तर तुमचं नाव यादीत लागलं नसतं. कॅन्सर असलेल्या माणसाला आम्ही फुप्फुस देत नाही. उपचार करून साधारण पाच वर्षं स्वच्छ गेली तर विचार करतो. माझ्याकडे पाच वर्षं नव्हती. पाच महिने होते की नव्हते.

म्हणजे जानेवारीतल्या रिपोर्टातल्या त्या ‘बहुधा’ने मला वाचवलं. आणि त्याच ‘बहुधा’मुळे यादीतला माझ्यामागचा कुणीतरी मागेच राहिला. ही गोष्ट मी लोकांना सांगतो तेव्हा ते “देवाची कृपा” म्हणतात. मला ते तितकंसं सोपं वाटत नाही.

धोका असा की रिजेक्शन होऊ नये म्हणून ज्या औषधांनी शरीराचा पहारा कमी केला, तोच पहारा कॅन्सरच्या चुकार पेशींवरही लागतो. गाठ बाहेर गेली, पण एखादी पेशी आधीच रक्तातून निसटली असेल तर तिला मोकळं रान. म्हणून गाठीची अवस्था ठरवणं महत्त्वाचं. २८ ऑक्टोबरला पेट सीटी, म्हणजे कॅन्सर शरीरात आणखी कुठे आहे का ते बघणारा स्कॅन, बावीस हजार. मेंदूचा एमआरआय, नऊ हजार. आणि गाठीच्या नमुन्यावर दुसरं मत घ्यायचं ठरलं.

तो नमुना मिळवणं हीदेखील एक प्रक्रियाच. काढलेल्या भागातले तुकडे मेणाच्या छोट्या वड्यांत बसवून ठेवतात, त्यांना ब्लॉक म्हणतात. त्यातून पातळ काप काढून काचेवर घेतात त्या स्लाइड्स. रुग्णालयाला लेखी अर्ज, ओळखपत्राची प्रत, परत करण्याची हमी आणि अनामत. फक्त स्लाइड्स घेऊ नका, गाठीचा आणि लसीका गाठींचा, म्हणजे लिम्फ नोड्सचा, ब्लॉकही मागा, कारण पुढच्या चाचण्या ब्लॉकवरच होतात. ब्लॉकवरचा नंबर आणि रिपोर्टवरचा नंबर तिथल्या तिथे जुळवून बघा. आणि ते मेण आहे. ऑक्टोबरच्या उन्हात टॅक्सीच्या काचेपाशी ठेवू नका. मी बायकोच्या जेवणाच्या डब्यात ठेवून नेले. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये नोंदणी केली, स्लाइड्स तपासायला दिल्या आणि तिथल्या गर्दीत भिंतीला टेकून उभा राहिलो, डबल मास्क लावून. तिथे रांगेत कुडाळ, सावंतवाडी, गुहागर सगळं भेटतं. एका गुहागरच्या म्हातारीने विचारलं, कसला? मी म्हटलं फुप्फुसाचा, पण ते फुप्फुस आता नाही. ती म्हणाली, बाबा, मग तू इथं काय करतोस?

त्याच आठवड्यात मी पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांना गाठून माझी फुप्फुसं बघायची परवानगी मागितली. फॉर्मॅलिनच्या वाफेत तुम्हाला आत घेणार नाही म्हणाले, आणि बरोबरच आहे. पण संगणकावर फोटो दाखवला, बाजूला मोजपट्टी ठेवून काढलेला. आकसलेली, करडी, कापलेल्या जागी स्पंजासारखी भोकं. आणि एका कडेला पांढुरका ठिपका, चिंचोक्याएवढा. इतकीशी चीज. त्याच्यावर चिठ्ठी मी लावली असती तर कदाचित दोन ओळींतच लावली असती.

दिवाळी अशीच गेली. ८ नोव्हेंबरला सगळे निकाल एकत्र: पेट सीटी आणि मेंदूचा एमआरआय स्वच्छ, लसीका गाठींत काही नाही, फुप्फुसाच्या आवरणापर्यंत गाठ पोचलेली नाही. पहिल्या अवस्थेतली, रिपोर्टाच्या भाषेत पीटी-वन-बी, एन-झिरो. कॅन्सरच्या डॉक्टरांचं म्हणणं, या अवस्थेत केमो लागत नाही; जे ऑपरेशन करायला सांगितलं असतं ते तुमचं आधीच झालंय, आणि जरा जास्तच झालंय. मायकोफेनोलेट अर्धं केलं. एव्हेरोलिमस नावाचं औषध, जे रिजेक्शनही रोखतं आणि पेशींची वाढही धीमी करतं, ते लगेच देता येत नव्हतं. श्वासनळीच्या जोडावरचे टाके पूर्ण भरून यावे लागतात. ते जानेवारी २०२५ पासून सुरू झालं. तोंडात फोड आले, पायांना सूज आली, पण टिकलं. पहिलं वर्ष सीटी दर तीन महिन्यांनी.

गावात बातमी आमच्या आधी पोचली होती, आणि उलटी होऊन. “दुसऱ्याचा फुप्फुस बसवल्यानी, थयसूनच लागलो आसतलो.” म्हणजे कॅन्सर तिथूनच लागला असणार. हे मला कॅन्सरपेक्षा जास्त लागलं. ज्या घराने आपलं माणूस गेल्याच्या दिवशी दुसऱ्याला श्वास दिला, त्यांच्यावर हा आळ. मे महिन्यात घरी आलो तेव्हा पाखाडीखालच्या दुकानावर मुद्दाम बसलो आणि येईल त्याला सांगितलं: कॅन्सर माझ्या जुन्या फुप्फुसात होता, माझा स्वतःचा होता, गेला तो माझ्या फुप्फुसांबरोबर गेला. नवीन फुप्फुसांत काही नाही. आमच्या वाडीतल्या एका शिक्षिकेने त्यानंतर अवयवदानाचा फॉर्म भरला. दुसऱ्या एकाने तेव्हापासून माझ्या हातचं पाणी घेणं सोडलं. दोन्ही लिहून ठेवतो.

घराचं बरंच बदलावं लागलं. ओल धरणाऱ्या दोन भिंती खरवडून रंगवल्या, पेंढ्याची उडवी परसातून हलवली, अढीत हात घालायला बंदी. राब भाजायच्या दिवसांत दारं बंद. ३१ मेला निवृत्त झालो. निरोपाच्या समारंभाला गेलो नाही, गर्दी म्हणून. मुलांनी तारामाशाची बरणी खिडकीतून दाखवली.

प्रतिपूर्तीची फाइल अजून फिरते आहे. तपासून, शेरे मिळून पुढे गेली आणि ऑगस्टमध्ये एका कार्यालयातून त्रुटीचं पत्र आलं: ‘शस्त्रक्रिया फायब्रोसिसची दर्शविली असून अहवालात कर्करोग नमूद आहे. नेमका आजार कोणता, याचा खुलासा करावा.’ मी चार वेळा कच्चं लिहिलं. शेवटी पाठवलं ते असं: ‘शस्त्रक्रिया फायब्रोसिससाठी झाली. कर्करोग काढून टाकलेल्या अवयवात नंतर आढळला. सदर अवयव अर्जदाराकडे नाही.’ सोबत रुग्णालयाचं पत्र जोडलं. ज्यांची अशी फाइल आहे त्यांनी डिस्चार्ज कार्डावरच दोन्ही निदानं वेगवेगळ्या ओळींत, कोणतं आधीचं आणि कोणतं अनपेक्षित, असं डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. नंतर ते पत्र मिळवायला मला दोन मुंबई फेऱ्या पडल्या. त्यातल्या एका फेरीला रेल्वेची कॅन्सर रुग्णाची सवलत मिळाली. फॉर्मवर डॉक्टरांची सही घेताना मी विचारलं, चालेल ना, म्हणजे मला आता... त्या म्हणाल्या, तपासणीला येताय ना, मग चालेल.

१४ ऑक्टोबर २०२५ चा वर्षाचा सीटी स्वच्छ आला. घरी फोन केला. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मगे? आसा की होतो?” मी म्हटलं, डॉक्टर सांगतत पाच वर्सा बघूया. “म्हणजे होतो,” ती म्हणाली आणि फोन ठेवला, कारण गॅसवर आमटी होती.

पुढचा सीटी १६ फेब्रुवारीला. आदल्या दिवशी कुणकेश्वराची जत्रा आहे, तिथली गर्दी मला वर्ज्य. बायको जाऊन येईल आणि रात्री कणकवलीला गाडी. तिकीट काढलंय. बर्थजवळ प्लग आहे की नाही, ते या वेळी बघितलं नाही.